मजुरी कसली?

बँकेतल्या चौतीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या बिलांवर पुष्कळ लाल खुणा केल्या. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहू लागलो, तरी ती खोड गेलेली नाही. गेल्या पावसाळ्यात धाकट्या मुलाचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणायला पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो. बिलात दोनच ओळी होत्या: व्हॉल्व्हची जोडी आणि मजुरी. पहिलीबद्दल तक्रार नव्हती. दुसरीपाशी मी अडलो.

"अहो, जुने उपटायचे आणि नवे खोचायचे. बल्ब बदलण्यासारखंच की! त्याची एवढी मजुरी कसली?"

दुकानातले सत्तरीचे गृहस्थ रागावले नाहीत. "बसा साहेब. शेवटची तपासणी राहिलीच आहे, बघून जा," म्हणाले.

व्हॉल्व्ह आमच्या पिढीला नवे नाहीत. रेडिओ लावल्यावर तो तापून आवाज येईपर्यंत आम्ही वाट पाहिली आहे. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि त्याने पुढे व्हॉल्व्हला घरातून घालवले. गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडले नाही. आवाज चढवला की व्हॉल्व्ह हळूहळू फाटत जातो आणि ते फाटणेच त्यांना गोड लागते. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांनी अमेरिकेतल्या फेंडर बासमनवरून आपला अ‍ॅम्प्लिफायर बेतला. मुलाचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच कुळातला.

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉनचा ओघ वाहतो. मधल्या जाळीला ऋण दाब देऊन तो आवरायचा असतो. वाद्य गप्प असतानाही किती ओघ वाहू द्यायचा, हे ठरवणे म्हणजे 'बायस' सेट करणे. एकाच नंबरचे दोन व्हॉल्व्हही अगदी सारखे नसतात, त्यामुळे जुन्यांचे माप नव्यांना बसेलच असे नाही. ओघ कमी पडला तर आवाज रूक्ष आणि खरखरीत होतो. जास्त झाला तर प्लेट लालबुंद होते, व्हॉल्व्ह जळतो आणि जाताना कधी कधी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो.

त्यांनी हिशेब मलाच करायला लावला. ईएल ३४ या व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादा २५ वॅट. तिच्या ७० टक्क्यांपर्यंत राहायचे, म्हणजे साडेसतरा. प्लेटवर ४५० व्होल्ट. भागाकार केला, सुमारे ३९ मिलिअ‍ॅम्पिअर आले. मीटर दाखवत होता ५२! त्यांनी बारीक स्क्रू केसभर फिरवला. थांबले. व्हॉल्व्ह तापल्यावर आकडा पुन्हा सरकला. पुन्हा स्क्रू, पुन्हा थांबणे. या सगळ्या वेळात त्यांचा डावा हात खिशात होता. दोन्ही हात आत गेले, तर धक्का छातीतून जातो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब शिल्लक राहू शकतो. हे काम घरी करून पाहण्याचे नव्हे.

मी मुकाट्याने पैसे मोजले आणि मनात जुने हिशेब सुरू झाले. आमच्या शाखेत मुरलेला कॅशियर बदलून जायचा, दुसऱ्या दिवशी नवा मुलगा खिडकीवर बसायचा. जागा भरली, कागद पूर्ण झाला! त्याच्याशेजारी चार दिवस कुणीतरी बसावे, एवढा खर्च साहेबांना परवडत नसे. महिनाभर गिऱ्हाईक खोळंबायचे आणि शिव्या त्या मुलाला. त्या साहेबांत एकदा मीही होतो.

वस्तूची किंमत आपण देतो. ती जुळवून देणाऱ्याच्या वेळेशी मात्र घासाघीस करतो. मग दुरुस्तीची दुकाने बंद का पडतात, म्हणून हळहळतो. माझे मत एवढेच आहे: मजुरीच्या ओळीवर बोट ठेवण्याआधी दहा मिनिटे त्या स्टुलावर बसून पाहावे.

निघताना मी विचारले, "तुमच्यानंतर इथे कोण?"

"मुलगा कॉम्प्युटर कंपनीत आहे. तुमच्या चिरंजीवांना हौस असेल तर पाठवा, शिकवीन," ते म्हणाले. "पुढे मजुरी मिळेल का, ते मात्र तुमच्यासारख्यांना विचारायला सांगा."