आवार कोणाचे?

'आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' असा फलक नसलेली सहकारी गृहनिर्माण संस्था मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत आता शोधावीच लागते. त्याच्या शेजारी बहुधा आणखी दोन फलक असतात. वाहने आपापल्या ठरलेल्या जागेतच उभी करावीत असे एक सांगतो, आणि विक्रेत्यांना प्रवेश बंद आहे असे दुसरा बजावतो. तिन्ही एका दमात वाचले म्हणजे त्या आवाराची राज्यघटनाच वाचल्यासारखे होते. मोटारीला तेथे हक्काची जागा आहे, फेरीवाल्याला मज्जाव आहे आणि मुलाला दटावणी आहे.

महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर उभे असताना मुलांच्या चेंडूफळीवर अग्रलेख कशाला, असे आमच्या काही कार्यकर्त्यांना वाटेल. हा विषय बायकामुलांच्या पुरवणीत ढकलण्याची आपल्या चळवळीची सवय जुनीच आहे. वस्तुत: हा शहरातील जमिनीचा प्रश्न आहे. जमिनीचा मोबदला देण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही आणि जिच्याविषयी निर्णय घेताना ज्याला मत नाही, असा शहरातील सर्वांत मोठा वर्ग कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर 'मुले' असेच द्यावे लागेल.

थोडा हिशेब मांडू. मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याच्या वेळी जी पाहणी झाली, तिच्यात या शहरात माणशी मोकळी जागा सुमारे सव्वा चौरस मीटर भरते असे आढळले. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाण माणशी दहा ते बारा चौरस मीटर असावे असे म्हटले आहे. आता मोटारीकडे वळू. एक साधी मोटार उभी करावयास अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. सर्व नागरिकांनी मिळून वापरावयाच्या मोकळ्या जागेतील दहा माणसांचा वाटा जेवढा होतो, तेवढी भूमी एक मोटार नुसती उभी राहून अडवते. शिवाय ती दिवसाचे वीस-बावीस तास उभीच असते. तिच्या मालकाकडून गृहनिर्माण संस्था दरमहा जे वाहनशुल्क घेते, ते आणि त्या भागातील जमिनीचा भाव यांची तुलना वाचकांनी स्वत:च करून पाहावी. मोटारीला मिळणारे हे अनुदान आहे. ते अर्थसंकल्पात कोठे दिसत नाही. ज्याच्या वाट्याची जागा गेली, तो दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ते भरत असते.

या संस्थांच्या नावात 'सहकारी' हा शब्द आहे, तो विसरून चालणार नाही. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. घरमालकाच्या जाचातून सुटून सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांनी एकत्र येऊन निवारा उभारावा, हा या कल्पनेमागचा हेतू होता. आज महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील आदर्श उपविधी यांच्या आधारे लक्षावधी कुटुंबांचे दैनंदिन जीवन चालते. या आदर्श उपविधींत खेळांवर निर्बंध घालणारा एक स्वतंत्र उपविधी आहे. सर्वसाधारण सभेने ज्या खेळांना अनुमती दिली असेल तेवढेच आवारात खेळता येतील, असा त्याचा आशय. त्यातील गृहीतक ध्यानात घेण्यासारखे आहे. खेळणे हा नियम आणि बंदी हा अपवाद असे मानले असते, तर बंदी घालणाऱ्याला कारण द्यावे लागले असते. येथे उलट आहे. बंदी मुळातच गृहीत धरली आहे, आणि अनुमती मागण्याचे काम ज्याला सभेत बसण्याचा अधिकार नाही त्याच्यावर टाकले आहे.

सर्वसाधारण सभेला कोण येते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. मत सभासदाला असते. भाडेकरूला नसते, आणि त्याची मुले तर दुहेरी परकी. सभेत छताची गळती, वाहनतळ, पाण्याची टाकी आणि थकबाकीदार एवढ्यांत दोन तास निघून जातात. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदराखाली कोणीतरी फुटलेल्या काचेची गोष्ट काढतो आणि पाच मिनिटांत ठराव संमत होतो. अशा रीतीने केलेल्या नियमाला लोकशाहीतील निर्णय म्हणावयाचे असेल तर म्हणावे. मात्र ज्यांच्यावर तो लागू होतो त्यांतील एकालाही विचारलेले नसते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे खोटे आहे असे आम्ही मानत नाही. प्रस्तुत लेखक स्वत: साठी ओलांडलेला आहे. दुपारी डोळा लागावा आणि खिडकीवर चेंडू आदळावा, याचा अनुभव त्यालाही आहे. आजारी माणसे असतात, रात्रपाळी करून आलेले कामगार असतात, दहावी-बारावीचे विद्यार्थी असतात. मोटारीची काच फुटली तर खर्च किरकोळ नसतो. परंतु या प्रत्येक तक्रारीला बंदीखेरीज दुसरा उपाय आहे. दुपारी दोन ते चार शांतता पाळावयाची, हे मुलांना नीट सांगितले तर समजते. ऋतूचा चेंडू वापरू नये, रबरी वापरावा, हेही समजते. देखभालीच्या वर्गणीतून वर्षाकाठी एक लहानशी रक्कम काचांसाठी बाजूला ठेवली, तर वीस वर्षांची भांडणे मिटतील. ज्या संस्था प्रवेशद्वारावर कमान उभारण्यासाठी लाखांचे अंदाजपत्रक मंजूर करतात, त्यांना दोन काचांचा खर्च पेलत नाही हे पटण्याजोगे नाही.

आवाजाविषयी तर आपल्या मध्यमवर्गाचे कान फार निवडक आहेत. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. उत्सवाच्या मांडवात, लग्नाच्या वरातीत ती किती पाळली जाते? तेव्हा जी मंडळी सोसतात, किंवा स्वत:च ध्वनिक्षेपक लावतात, त्यांना संध्याकाळी सहा वाजता लपंडावात राज्य घेतलेल्या मुलीने शंभरापर्यंत मोजलेले आकडे असह्य होतात. जर्मनीतही हा वाद न्यायालयांपर्यंत गेला होता. बालवाडीच्या आवाजामुळे आपली शांतता भंगते अशा फिर्यादी शेजाऱ्यांनी केल्या होत्या. तेथील संसदेने २०११ साली प्रदूषण-प्रतिबंधक केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली आणि बालवाड्या व क्रीडांगणे येथून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव समजला जाणार नाही, असे स्पष्ट लिहिले. नीटनेटकेपणाबद्दल ज्यांची ख्याती आहे, त्यांना हे कायद्यात लिहावेसे वाटले.

'मुलांनी मैदानावर जावे, आवार ही काय खेळण्याची जागा आहे?' असा एक सल्ला नेहमी दिला जातो. तो देणाऱ्यांनी मैदाने कोठे गेली याची चौकशी केलेली नसते. मुंबईच्या गिरणगावाचेच पाहा. गिरण्यांच्या ताब्यातील जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा या जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न निघाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळ मानाने तिची त्रिभागणी केली होती. एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ साली राज्य सरकारने या नियमात दुरुस्ती केली. वाटणी सबंध जमिनीची न करता फक्त ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याचीच करावयाची, असे ठरले. गिरणीच्या जमिनीवर गिरणी उभी असते, हे उघड आहे. वाटणीला जे उरले ते त्यामुळे नाममात्र होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली या दुरुस्तीच्या अर्थाला मुरड घातली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. कामगारांच्या नातवंडांना मिळावयाची मैदाने अशा रीतीने एका व्याख्येत नाहीशी झाली. त्या वेळी आपण घरांसाठी आणि देण्यांसाठी लढलो, ते योग्यच होते. मैदानांसाठी आपला आवाज तेवढा चढला नाही.

जुन्या चाळींचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. तेथे राहणे हे सुख होते असे तेथे न राहिलेलेच म्हणू शकतात. मात्र दोन चाळींमधल्या पटांगणावर कोणाची खासगी मालकी नव्हती. लगोरी, आबाधोबी, लंगडी, डबा ऐसपैस या सर्वांना तेथे जागा होती, आणि कोणी मोठे माणूस ओरडले तर पोरे पांगत आणि पुन्हा जमत. खोली लहान असल्यामुळेच मुलाला बाहेर घालवणे आईला भाग होते. पुनर्विकासात खोली मोठी होते, ही मोठीच प्राप्ती आहे. पण तिच्याबरोबर बाहेरचे जाणार असेल, तर तोही व्यवहाराचा भाग समजून वाटाघाटीच्या वेळीच मांडला पाहिजे.

कायद्याने अगदीच पाठ फिरवली आहे असे नाही. त्याच १९९१ च्या नियमावलीतील २३ व्या नियमाप्रमाणे मोठ्या भूखंडावर आकारमानानुसार १५ ते २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागे. बांधकाम व्यावसायिकांनी ही जागा वाहनतळाच्या छतावर, म्हणजे ज्याला ते पोडियम म्हणतात तेथे, दाखवण्याची युक्ती काढली. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही, ही किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे असा निर्णय दिला. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये याच न्यायालयाने इमारतीखालील खांबांमधली वाहनतळाची जागा सामाईक असून बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सांगितले होते. हे दोन्ही निर्णय कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावेत. सोसायटीच्या मंजूर नकाशावर जी जागा मनोरंजनासाठी दाखवली आहे, तेथे आज काय उभे आहे, एवढे जरी पाहिले तरी अनेक सभांचा सूर बदलेल.

आता या प्रश्नाच्या अधिक कठोर बाजूकडे आले पाहिजे. आतापर्यंत ज्यांचे आपण बोललो ती सभासदांची मुले. पहारेकऱ्याचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूल आवारात खेळू लागले तर फलकाचीही गरज पडत नाही, नजर पुरते. झोपडपट्टी पुनर्वसनात एकाच भूखंडावर मूळ रहिवाशांची इमारत आणि विक्रीची इमारत उभी राहते, मध्ये भिंत येते आणि झाडे-घसरगुंड्या भिंतीच्या एकाच बाजूला राहतात. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. लंडनच्या लॅम्बेथ भागात एका जुन्या शाळेच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत अनुदानित घरांतील मुलांना सामाईक क्रीडांगणावर जाण्याची वाटच ठेवलेली नव्हती, हे मार्च २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. मोठी ओरड झाल्यावर वाट मोकळी करण्यात आली. त्या प्रकरणात विशेष हे, की घरे विकत घेतलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनीही ही विभागणी आपल्याला नको असल्याचे सांगितले होते. वर्ग ही वस्तुस्थिती असली तरी भिंत बांधणे हा कोणाचा तरी निर्णय असतो.

मुलींचे तर याहून लवकर थांबते. दहा-अकरा वर्षांची झाली की जागा कमी असल्याचा पहिला फटका तिला बसतो, कारण उरलेल्या जागेवर मोठ्या मुलांचे क्रिकेट चालू असते. मग तिने बाकावर बसून बघावे, अथवा वर जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे जगातील ११ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल मिळत नाही. त्यात मुलींचे प्रमाण मुलांहून वाईट आहे. मुले सारखी मोबाइलला चिकटलेली असतात, अशी तक्रार करणारे आजोबा आणि चेंडू जप्त करणारे आजोबा पुष्कळ वेळा एकच असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. हा हक्क आदर्श उपविधींपर्यंत पोहोचलेला नाही. तो तेथपर्यंत नेणे हे सहकार खात्याच्या अधिकारातील काम आहे, त्यासाठी विधिमंडळात नवा कायदा करावा लागणार नाही. आवारात मुलांना खेळण्याची मुभा राहील, वेळ आणि खेळाचा प्रकार यांविषयी वाजवी नियम संस्था करू शकेल, सरसकट बंदी घालता येणार नाही, अशा अर्थाची दुरुस्ती आपल्या आमदारांनी मागावी. महापालिका शाळांची पटांगणे शाळा सुटल्यावर कुलपात असतात. ती संध्याकाळी प्रभागातील सर्व मुलांना उघडी करावीत, ही मागणी नगरसेवकांकडे नेता येईल. मैदाने खासगी संस्थांना 'दत्तक' देण्याचे मुंबई महापालिकेचे धोरण जानेवारी २०१६ मध्ये संमत झाले, तेव्हा नागरिकांनी एवढा विरोध केला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. म्हणजे या प्रश्नावर लोक उठत नाहीत असे नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाच्या असतात. आमचे बहुसंख्य कार्यकर्ते कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद आहेत, काही तर सचिव किंवा अध्यक्ष आहेत, आणि त्यांच्याही फाटकावर तो फलक आहे. सभेच्या आधी मंजूर नकाशाची प्रत मागवून घ्यावी. ठरावाची लेखी सूचना वेळेत द्यावी, म्हणजे विषय आयत्या वेळच्या सदरात न जाता विषयपत्रिकेवर येईल. आणि ज्या दिवशी तो चर्चेला येईल त्या दिवशी आवारातील आठ-दहा मुलामुलींना सभेत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्यांत भाडेकरूंची आणि पहारेकऱ्याचीही मुले असावीत. त्यांना मत देता येणार नाही, पण बोलण्यास उपविधींची आडकाठी नाही.