पाच अंशांचा हिशेब

जैतापूरच्या नियोजित अणुवीजकेंद्राविषयीचा वाद बहुतांशी किरणोत्साराच्या भीतीने व्यापलेला आहे. साखरी-नाटे येथील मच्छीमार मात्र आरंभापासून आणखी एक प्रश्न विचारीत आला आहे: तापलेले पाणी कोठे सोडणार? एप्रिल २०११ मध्ये आंदोलकांवर गोळीबार होऊन त्यांच्यापैकी एकाचा बळी गेला. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र अद्याप त्यांच्या पदरी पडलेले नाही.

प्रश्न अडाणीपणाचा खचित नव्हे. अणुभट्टीतील उष्णतेच्या सुमारे एक-तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली समुद्राच्या पोटात जाते. ९,९०० मेगावॅट वीज हवी, तर तिच्या जवळजवळ दुप्पट उष्णता अरबी समुद्राने अहोरात्र पचवावी, असा हा करार आहे. आणि करारातील दुसऱ्या पक्षाची सही कोणी घेतलेली नाही!

सोडलेले पाणी समुद्राच्या पाण्याहून पाच अंशांपेक्षा अधिक उष्ण नसावे, अशी अट २०१० च्या पर्यावरण-मंजुरीत घातली गेली. १९९८ च्या नियमातील सात अंशांहून ती कडक आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु मासा फरकावर जगत नाही, प्रत्यक्ष उष्णतामानात जगतो. माघातले पाच अंश तो कदाचित सोशील. वैशाखात किनाऱ्याचे पाणीच तिशीला टेकते, तेव्हा तेच पाच अंश त्याला हुसकून लावू शकतात.

शिवाय उष्णतामापकाला जे दिसतच नाही, त्याचे काय? पाणी आत ओढताना माशांची अंडी आणि कोळंबीची इवली पिले जाळीतून सहज पार होतात. पुढे पंपांचा मार, कंडेन्सरची धग, आणि नळ्यांत शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून मिसळलेला क्लोरीन. बाहेर पडणारे पाणी नियमात बसेल; त्यातील जीव मेलेले असतील. कॅलिफोर्नियाने २०१० सालीच किनाऱ्यावरील वीजकेंद्रांचा उपसा नव्वद टक्क्यांहून अधिक घटविण्याचे धोरण स्वीकारले. शीतकरण-मनोऱ्यांनी ते साधते. त्यांचे खारे तुषार हापूसच्या बागांवर उडतील, खर्चही वाढेल, हे खरे. पण मग तो हिशेब उघड मांडावा.

वीज नको, असे आम्ही म्हणत नाही. आम्हा शहरवासीयांचे दिवे कोणाच्या तरी अंगणातील भट्टीवरच लागतात. केंद्र अद्याप उभे राहिलेले नाही; तेव्हा बांधकामापूर्वी बाराही महिन्यांची मत्स्यबीजाची मोजणी व्हावी, फरकाबरोबरच कमाल उष्णतामानाचीही मर्यादा ठरावी, आणि पुढे रोजचे आकडे नाट्याच्या बंदरावर फळ्यावर लिहिले जावेत. ते लिहिणारा माणूस मात्र वीज विकणाऱ्यांच्या पगारपत्रकावरचा नसावा.