घरच्या यंत्राला समजेल असे

विज्ञानाने फार प्रगती केली, असे आपण निबंधांतून नेहमी लिहितो. परंतु ती प्रगती घरातील प्रत्येकापर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

माझ्या बहिणीच्या लग्नाचे चित्रण माझ्या मोबाईलमध्ये आहे. ते पाहायचे तर आईला मी घरी येईपर्यंत थांबावे लागे. घरात जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्याचा रिमोट तिला उत्तम चालवता येतो. पण मोबाईलमधील फाईल जशीच्या तशी डिस्कवर उतरवली, तर तो प्लेअर ती वाचत नाही. "आता नवा टीव्हीच घ्या," असा सल्ला जो तो देतो. मला हा सल्ला मान्य नाही. यंत्र बिघडलेले नाही, त्याची भाषा वेगळी आहे, एवढेच.

डीव्हीडी १९९६ साली प्रथम जपानमध्ये बाजारात आली. तिला चित्रण एमपेग-२ पद्धतीचे लागते. आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राचे ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे, असा नियम आहे. आजचे मोबाईल बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५ या नंतरच्या पद्धती वापरतात. जुन्या प्लेअरला त्या कशा कळाव्यात? डीव्हीडीस्टायलरसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर हे रूपांतर करते आणि प्लेअर शोधतो तशी फोल्डरची रचनाही तयार करते. ४.७ जीबीच्या डिस्कवर सुमारे दोन तासांचे चित्रण बरे बसते. मूळ फाईल मात्र जपून ठेवावी.

यात चित्राची स्पष्टता कमी होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण आईला ठिपके मोजायचे नाहीत, माणसे ओळखायची आहेत. आणि तीही कोणाची वाट न पाहता.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मित्रहो, शिकलेल्याने घरच्या माणसांना अडाणी ठरवणे सोपे असते. आपण शिकलो ते त्यांच्या हाती देणे कष्टाचे असते. पण शिक्षणाचा उपयोग तोच, असे मला वाटते.

म्हणून एक सूचना करतो. यंदाच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण मोबाईलवर जरूर पाठवावे. परंतु काही प्रती डीव्हीडीवरही काढाव्यात. रूपांतराचे काम करायला मी तयार आहे.