इंजिन गार ठेवण्याचा सोस

भुदरगड तालुक्यात एखादी जुनी ओम्नी रस्त्याकडेला वाफा सोडत उभी दिसली की निदान ठरलेलं असतं: जपानी इंजिन ते, आपल्या घाटाला कुठलं टिकतंय! पुढची सीट उलटून आत डोकावणाऱ्या चालकालाही हे पटलेलं असतं. ज्या इंजिनाबद्दल हे बोललं जातं ते सुझुकीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ मिलिमीटर, आणि एमपीएफआय झाल्यावरच्या मारुती ८०० मध्ये ताकद ३७ अश्वशक्ती. डिसेंबर १९८३ मध्ये ते मारुती ८०० मधून रस्त्यावर आलं, वर्षभरात व्हॅनमधून. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. म्हणजे साडेतीन दशकं या इंजिनाने देशभरचे घाट चढले. ते गरम होतं, हेड गॅस्केट जातं, हेड बेंड होतं, ही तक्रार खोटी नाही. पण तिचं मूळ बहुतेकदा जपानी आराखड्यात नसतं. इंजिन जितकं गार तितकं चांगलं, या आपल्या समजुतीत ते असतं.

या समजुतीचा पहिला बळी थर्मोस्टॅट. गाडी तापली की तो काढून टाकायचा, ही गॅरेजमधली जुनी रीत. हा मुठीत मावणारा पितळी वॉल इंजिनमधलं पाणी ऐंशी अंशांच्या आसपास तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तापलं की आतलं मेण फुगतं आणि वाट उघडते. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. गारगोटीच्या पावसाळ्यात, बाजार ते घर अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, असं इंजिन कधी पुरतं तापतच नाही. एमपीएफआय गाडीतला सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असं कळवत राहतो आणि पेट्रोल जादा सुटतं. न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, झीज वाढते. पुढे निळा धूर दिसू लागला की दोष पुन्हा जपानला.

ही समजूत आली कुठून? माझ्या मते उसाच्या मळ्यातून. कोल्हापूरच्या मिस्त्रींच्या हाताला वळण लावलं ते ऑईल इंजिनाने. नदीकाठच्या पंपावर उपशाच्याच पाण्याची एक बारीक धार इंजिनातून फिरवून पाटात सोडून दिली जायची. दर क्षणाला ताजं, गार पाणी. गंजलं तरी जाड बीडाचं धूड वर्षानुवर्षं ओढत राहायचं. (तिथेही फार गार चालवलं की डिझेल जास्त जातं, हे निराळंच.) ओम्नीच्या इंजिनात पाणी तेच तेच फिरतं, आणि वर हेड ॲल्युमिनियमचं. बोअरचं पाणी ओतत राहिलं की त्यातले क्षार नळ्यांत बसतात, गंज धरतो, रेडिएटर निम्मा बुजतो. मग थर्मोस्टॅट नसूनही फोंडा घाट चढून दाजीपूर गाठेपर्यंत काटा लाल रेषेला लागतोच. अशा वेळी तापलेल्या इंजिनात गार पाण्याची बादली रिकामी करणं म्हणजे हेड वाकडं करून घेण्याची हमखास युक्ती.

मिस्त्री म्हणतील, थर्मोस्टॅट काढल्यावर गाड्या सुधारलेल्या आम्ही डोळ्यांनी बघितल्यात. बघितल्या असणारच. जुना वॉल बंद स्थितीत अडकला तर इंजिन तापतं, आणि तो काढला की तात्पुरतं थांबतं. पण अडकलेलं दार काढून चौकट उघडी ठेवणं ही काही दुरुस्ती नव्हे. काहीशे रुपयांत नवा वॉल मिळतो. ‘थर्मोस्टॅट बर्फाच्या मुलखासाठी’ हा दुसरा युक्तिवाद तर टिकतच नाही, कारण उन्हाळ्यात तो पुरता उघडतो आणि वाटेतून बाजूला होतो. कूलंट महाग पडतं हे मान्य, पण हेड उतरवून फेस मारून आणायचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय कूलंटमुळे आणि रेडिएटरच्या दाब धरणाऱ्या झाकणामुळे आतलं पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. प्रेशर कुकरचंच तत्त्व ते. झाकणाचा रबर गेला की तो फायदाही गेला.

एक आक्षेप मात्र खरा आहे. एवढ्याशा ताकदीच्या गाडीत वडापला दहा-बारा माणसं आणि वर टपावर पोती घातली, तर थर्मोस्टॅट आणि कूलंट दोन्ही हात टेकतील. त्यात पेट्रोल वाचवायला चढाला तिसऱ्यातच रेटायचं. इंजिनाच्या फेऱ्या पडतात, त्यांच्यावरच फिरणारा पाण्याचा पंप मंदावतो, आणि उष्णता सगळ्यात जास्त असते तेव्हाच पाणी सगळ्यात कमी फिरतं. इथे दोष गॅरेजचा नाही, चालकाचा.

पण बाकीच्या गाड्यांसाठी वॉल फेकण्याआधी एवढं करून बघावं. पातेल्यात पाणी घ्यावं, तो दोऱ्याने त्यात टांगावा आणि गॅस पेटवावा. पाणी खळखळा उकळलं तरी तो मिटलेलाच राहिला तर खुशाल टाकावा आणि नवा बसवावा. उकळी फुटायच्या आधीच उघडला, तर तो होता तिथे परत बसवावा आणि रेडिएटर खोलायला घ्यावा.