गणितातला शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर पडणार?

दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला उत्तीर्ण करायचे. मात्र पुढे गणित-विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर मारायचा. राज्याच्या शालेय शिक्षणाच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली ही तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये चर्चेत आली. नवा अभ्यासक्रम लागू झाल्यावर ती अमलात येणार, असे तेव्हा सांगितले गेले. त्याआधीच आपण तिच्यावर बोलले पाहिजे.

तरतुदीमागचा हेतू वाईट नाही. एका गणितापायी दहावी अडलेली मुले प्रत्येक वस्तीत आहेत. मुलगा डिलिव्हरीच्या कामाला लागतो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. अशांच्या हाती निदान दहावीचे प्रमाणपत्र पडावे, हे कोणीही मान्य करील. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षा देण्याची मुभाही त्यात ठेवली आहे.

पण ही मुभा कोणाला वापरता येईल? ज्या घरात क्लासची फी भरायची ताकद आहे, कॉलेज पाहिलेला मोठा भाऊ आहे, त्या घरातला मुलगा थांबेल आणि पुन्हा परीक्षा देईल. नायगावच्या किंवा लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे यंदाच अकरावीचा प्रवेश किंवा यंदाच नोकरी हवी आहे, तिथे शेरा मुकाट्याने स्वीकारला जाईल. कागदावर निवड दोघांनाही सारखीच आहे. प्रत्यक्षात एकाला ती करता येते, दुसऱ्याला ती करण्याइतकी उसंतच नसते. परळ-दादरच्या रात्रशाळांत दिवसभर राबून येणाऱ्या मुलांबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरा प्रश्न, २० गुण नेमके काय सांगतात? राज्य मंडळाच्या गणिताच्या १०० गुणांत बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत. एकूण आकड्यावरून मुलाचे गाडे कुठे अडले ते कळत नाही. तीन चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश म्हणजे चार षष्ठांश, असे उत्तर लिहिणारी मुले दहावीतही भेटतात. वरचे अंक वर मिळवायचे, खालचे खाली. या मुलाला बीजगणित झेपत नाही असे आपण म्हणतो. खरे तर त्याचा पाचवी-सहावीतला अपूर्णांक राहिला आहे. तो दोन महिन्यांत भरून निघू शकतो. शेरा मात्र कायमचा.

भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगून थांबणे पसंत केले नाही. दुःखाचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्गही सांगितला. शेरा पहिल्याच पायरीवर थांबतो.

आणि गणित सोडले म्हणून गणित सोडत नाही. मुंबई विद्यापीठात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणिती व संख्याशास्त्रीय तंत्रांचा पेपर वर्षानुवर्षे सक्तीचा होता. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. बँक आणि रेल्वेच्या परीक्षांत आहे. एमपीएससी पूर्व परीक्षेच्या सीसॅट पेपरातही संख्याज्ञान तपासले जाते. आपली मुले ज्या दारांशी सर्वाधिक संख्येने उभी असतात, त्या जवळपास प्रत्येक दारावर गणित आहे. दहावीला त्यातून सुटका दिली, पण शिकवले नाही, तर पाच वर्षांनी तोच मुलगा त्याच अपूर्णांकाशी पुन्हा अडतो.

इतरांनी काय केले? सीबीएसईने २०२० च्या दहावी परीक्षेपासून गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर केले. बेसिक घेतलेल्याला अकरावीत मुख्य गणित हवे असल्यास स्टँडर्डची परीक्षा देण्याची वाट मूळ नियमातच होती. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी गणिताची चाचणी घेऊन कमी गुणांच्या मुलांना पायाभूत वर्गांत बसवत. त्या वर्गांच्या साखळीत अडकून असंख्य गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले पदवीपर्यंत पोहोचलीच नाहीत. शेवटी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: शाळेतले गुणही पाहा, आणि थेट वर्गात मूल यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी असेल तरच त्याला मागे बसवा. त्यानंतर पदवीच्या वर्गात बसवून सोबत जादा तास देण्यावर भर आला.

कोणी कोणता विषय शिकावा, हे आधीच ठरवून टाकण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला. परळच्या चाळीतून शिकून तो विद्यार्थी १९०७ साली मॅट्रिक झाला आणि पुढे अर्थशास्त्राचा जागतिक दर्जाचा अभ्यासक ठरला. आजचा शेरा जात विचारत नाही, हा फरक मोठा आहे. पण तो कोणाच्या गुणपत्रिकांवर जास्त दिसेल, हे ओळखायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. २० गुणांवर उत्तीर्ण करा, पण शेऱ्याऐवजी सेतू वर्ग द्या. कोरोनाकाळानंतर २०२१ मध्ये याच राज्याने सेतू अभ्यास राबवला होता, त्यामुळे हे अशक्य नाही. शेरा ठेवायचाच असेल, तर गणिताची परीक्षा पुढे केव्हाही देऊन तो पुसता आला पाहिजे. आणि दरवर्षी कोणत्या शाळांत, कोणत्या समाजघटकांतल्या मुलांना शेरा मिळाला, हे सरकारने जाहीर करावे.

सरकारची वाट पाहत बसायचेही कारण नाही. आपल्या विहारांत रविवारी जागा आहे, वस्तीत पदवीधर तरुण आहेत. आठवीच्या मुलांची वीस प्रश्नांची साधी तपासणी घ्या: अपूर्णांक, ऋण संख्या, टक्केवारी, सोपे समीकरण. गुण जाहीर करू नका. कोणाचे काय राहिले तेवढी वही ठेवा आणि तिथून शिकवायला लागा. दहावीला दोन वर्षे असताना हे काम होते. निकालानंतर फक्त समजूत घालता येते.