न उच्चारलेल्या कल्पनेची किंमत

पेढीवर बसणाऱ्याला नफा-तोटा वहीत दिसतो. परंतु गुमास्त्याच्या मनात आलेली आणि संकोचापोटी ओठांवर न आलेली कल्पना कोणत्याही खातेवहीत नोंदली जात नाही. हा तोटा किती मोठा असू शकतो, याची साक्ष सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच्या दोन लहान कंपन्या देतात.

१९५६ मध्ये विल्यम शॉक्ली यांची अर्धवाहकांची प्रयोगशाळा कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे सुरू झाली. त्याच वर्षी ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी पारखून घेतलेले तरुण असामान्य बुद्धीचे होते. पण मालकाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्यांचे निष्कर्ष ते आपल्या जुन्या संस्थेतील परिचितांकडून पडताळून घेत. एकदा कार्यालयातील एका स्त्रीच्या हाताला दाराशी काही टोकदार लागले, तेव्हा घातपाताच्या संशयाने त्यांनी खोटे पकडणाऱ्या यंत्रावर तपासणीचा आग्रह धरला. पुढे निष्पन्न झाले, ती कागद टाचण्याची मोडकी टाचणी होती!

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट नॉइस या तरुणाने आपल्या वहीत एका नव्या डायोडचे टिपण केले. विशिष्ट मर्यादेत विद्युतदाब वाढवला असता प्रवाह वाढण्याऐवजी घटेल, असे त्याचे अनुमान होते. शॉक्ली यांनी त्यात रस दाखवला नाही. वही मिटली.

पुढच्याच वर्षी टोकियोतील एका कंपनीत काही ट्रान्झिस्टर सदोष निघू लागले. हीच कंपनी पुढे सोनी या नावाने प्रसिद्ध झाली. तंत्रज्ञांना मोकळेपणाने आणि आनंदाने काम करता यावे, हे ध्येय मासारु इबुका यांनी १९४६ मध्ये तिच्या स्थापनेच्या वेळीच लिहून ठेवले होते. तेथील लिओ एसाकी यांनी दोषाचेच मूळ शोधायला घेतले, आणि नॉइसच्या वहीतला तोच परिणाम त्यांना प्रत्यक्ष दिसला. या शोधाबद्दल १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

इकडे सप्टेंबर १९५७ मध्ये नॉइससह आठ जणांनी शॉक्ली यांची नोकरी सोडली व फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभारली. दोनच वर्षांत तेथे नॉइसने एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर संपूर्ण मंडल बसवण्याची कल्पना मांडली. माणसे तीच, बुद्धी तीच. बदलले ते वातावरण. शॉक्ली यांची कंपनी मात्र कधीच नफ्यात आली नाही आणि १९६० मध्ये विकली गेली.

आज अनेक व्यापारी घराण्यांतील मुले वडिलोपार्जित दुकानाच्या जोडीने सॉफ्टवेअरची वा यंत्रांची छोटी कंपनी काढतात. भांडवल, ओळख आणि पत त्यांना घरातून मिळते. त्याबरोबर गादीचा धाकही नकळत येतो. हिशेबात चूक चालत नाही, हा पेढीचा नियम योग्यच आहे. परंतु प्रयोगातील चूक भीतीने दडवली, तर तिच्यापोटी असलेला शोधही दडतो. म्हणून नवा मुलगा वही घेऊन समोर उभा राहिला, तर गादीवरच्याने आधी ती वही पूर्ण वाचावी, होकार-नकार त्यानंतर.