लोखंड ओळखतो, हात ओळखत नाही

सह्याद्रीच्या डोंगरांत, गुजरातच्या सीमेलगत वसलेला सुरगाणा तालुका हा भात, नागली आणि वरई यांचा प्रदेश होय. येथे मोठे कारखाने नाहीत. यंत्र म्हटले की प्रथम आठवते ती भात गिरणी. तथापि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत सर्रास आढळणारे एक छोटे उपकरण आता धान्याच्या यंत्रांवरही बसून येते. त्याचे नाव इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सर. गिरणी वा पॅकिंग यंत्र खरेदी करताना व्यापारी कुटुंबे किमतीची चौकशी कसोशीने करतात. बोटाएवढ्या या नळकांड्याची चौकशी मात्र क्वचितच होते.

त्याची रचना साधी आहे. टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि त्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्यामुळे टोकापुढे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की, मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार, धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. ते वेटोळ्याची शक्ती शोषतात, आतील आंदोलने मंदावतात आणि सेन्सर इशारा देतो. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. पूर्वीच्या तरफेच्या खटक्यात विद्युत् संपर्क झिजत आणि ठिणग्याही पडत. रसायनांच्या कारखान्यात ठिणगी म्हणजे स्फोटाचे भय. याच गरजेतून १९५८ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथील पेपर्ल अँड फुक्स या कंपनीत हा सेन्सर जन्मला.

धान्याच्या धंद्यात त्याचा खरा उपयोग एलिव्हेटरवर दिसतो. भात वर नेणारा बादल्यांचा पट्टा कधी धान्य तुंबल्याने अडकतो. मोटार फिरतच राहते, वरची कप्पी थांबलेल्या पट्ट्यावर घासते, उष्णता वाढते आणि कोंड्याच्या धुळीने भरलेल्या जागेत आग लागू शकते. यावर उपाय म्हणून खालच्या कप्पीच्या दांड्यावर एक बोल्ट बसवून त्यासमोर सेन्सर लावतात. मिनिटाला ६० फेरे होत असतील, तर सेकंदाला एक इशारा मिळतो. इशारे मंदावले की मोटार आपोआप बंद होते. सेन्सर वरच्या कप्पीवर लावला, तर हेतूच फसतो. कारण पट्टा थांबला तरी ती कप्पी फिरतच असते.

कोंडा, तूस वा पावसाळ्यातील ओल यांचा या सेन्सरवर सहसा परिणाम होत नाही, कारण तो केवळ धातू जाणतो. लोखंडाचा कीस टोकावर साचला, तर मात्र त्याची फसगत होते. त्याची नजरही आखूड असते. १२ मिलिमीटर व्यासाच्या सामान्य सेन्सरला पोलाद साधारण २ मिलिमीटरवरून कळते. अॅल्युमिनियम मात्र त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावरून. म्हणून दुरुस्तीत पोलादी पट्टीच्या जागी अॅल्युमिनियमची पट्टी लावली, की चांगला सेन्सरही 'बिघडला' असे वाटते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. हा सेन्सर लोखंड ओळखतो, माणसाचा हात ओळखत नाही. फिरत्या रोलरवरचे लोखंडी झाकण बंद आहे की उघडे, एवढेच त्याला कळते. झाकण उघडले की यंत्र थांबते आणि हात वाचतो. परंतु हंगामात दारात पोत्यांची रांग लागलेली असते. दर वेळी यंत्र थांबणे कोणालाच परवडेनासे होते. मग कोणीतरी सेन्सरपुढे लोखंडाचा एक तुकडा तारेने बांधून टाकतो. सेन्सरला झाकण बंद भासते, यंत्र उघड्यावर चालू राहते आणि त्यापुढे उभा असतो तो रोजंदारीवर आलेला, बहुधा नवखा मजूर. त्याने तो तुकडा बांधलेला नसतो. हात मात्र त्याचाच पणाला लागलेला असतो.

सहज फसवता न येणारे, जोडीदार तुकडाच ओळखणारे सुरक्षा-खटके बाजारात मिळतात. हात जाण्याचा धोका असेल तेथे साध्या सेन्सरवर भिस्त न ठेवता तेच बसवून घ्यावेत. त्यासोबत मालकाचा एक नियमही हवा: खटका नादुरुस्त असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद. त्या दिवसाचा तोटा वहीत लिहिता येतो आणि पुढील महिन्यात भरूनही काढता येतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी गिरणीच्या प्रत्येक झाकणाजवळ स्वतः जाऊन तारेने बांधलेला एखादा तुकडा दिसतो का, एवढे मालकाने पाहावे. त्याला अर्धा तासही लागत नाही.